उंद्रीच्या पाण्यात लाल झिंगे

पुढच्या संवादातली आत्या आणि भाचा मी रचलेली माणसं आहेत. पाणी रचलेलं नाही. चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या गावात विहिरीला येतं ते पाणी काळ्या बेसाल्टच्या भेगांमधून झिरपत येतं आणि येताना खडकातला चुना, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोबत आणतं. या पाण्याचा चहा होतो, त्यावर कपाशी आणि सोयाबीन उभं राहतं. प्रश्न आहे तो बोटाच्या पेराएवढ्या, काचेतून पाहायच्या झिंग्यांचा.

पैनगंगेत आणि खडकपूर्णेत मिळतात ते झिंगे आपण खातो. हे शोभेचे. लाल ‘चेरी’ झिंगा मूळचा चीन, तैवानकडचा. वाढून दोन-तीन सेंटीमीटरचा होतो. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा ‘क्रिस्टल’ दक्षिण चीनमधल्या डोंगरी ओढ्यांतल्या जातीपासून निवडून तयार झालेला. दोघांचं पाणी वेगळं, आणि आत्या-भाच्याचं भांडण त्याच्यावरूनच आहे. आत्या अनेक वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली, अक्षय तृतीयेला माहेरी आलेली. भाच्यानं गोठ्यालगतच्या खोलीत काचेच्या टाक्या मांडल्या आहेत आणि त्याच्या हातात सामू, म्हणजे पीएच, मोजायचं पेन आहे. झिंगे विकून पैसा मिळवायचा त्याचा पक्का विचार आहे आणि तो मला मुळीच पोरखेळ वाटत नाही.

भाचा: आत्या, हे पेन पाह्य. काल राती या टाकीचा सामू ६.५ वर आनला व्हता म्या. आता पाह्य, ७.९. म्या रोज उतरवतो अन् हे रोज चढते. कोनतं ॲसिड टाकू ते सांग, तू तं केमिस्ट्रीवाली.

आत्या: आत्तापर्यंत काय काय टाकलंस?

भाचा: आधी लिंबू. मंग व्हिनेगर. मंग पीएच उतरवायची बाटली मागवली.

आत्या: आणि केएच, म्हणजे पाण्यातलं बायकार्बोनेट, मोजलास?

भाचा: ते काहून मोजू? झिंगा मरते सामूनं.

आत्या: इथेच चुकतंय तुझं. केएचच्या चाचणीच्या बाटल्या आण. पाच मिलीलिटर पाणी घे, एकेक थेंब टाक, हलव. निळ्याचं पिवळं होईपर्यंत थेंब मोज.

भाचा: …बारा, तेरा, चौदा. झालं पिवळं.

आत्या: म्हणजे चौदा डिग्री. एक डिग्री म्हणजे लिटरमागे सुमारे १७.९ मिलीग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. तुझ्या पाण्यात अडीचशे मिलीग्रॅम झाले. माणसाला त्याचं काही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ही अल्कलिनिटी दोनशेपर्यंत चांगली आणि दुसरं पाणी नसेल तर सहाशेपर्यंत चालते. पण तुझा सामू रोज परत चढतो तो याच्यामुळे. ॲसिडचा थेंब पडला की पाण्यातलं बायकार्बोनेट ते ॲसिड गिळतं आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो गॅस पाण्यात विरघळलेला असेतो पेन ६.५ दाखवतं. रात्रभर हवेचा दगड बुडबुडे सोडतो, गॅस उडून जातो, सामू जवळजवळ होता तिथे. काल रात्री तू सामू उतरवलाच नव्हतास बाबू, पाण्याचं थोड्या वेळासाठी सोडावॉटर केलं होतंस.

भाचा: अन् लिंबानं?

आत्या: लिंबाचं सायट्रेट आणि व्हिनेगरचं ॲसिटेट बॅक्टेरियांचं खाणं आहे. ते खाताना पाण्यातला ऑक्सिजन घेतात आणि शेवटी बायकार्बोनेटच परत करतात. म्हणजे सामूही उतरला नाही आणि झिंग्यांचा श्वासही गेला.

भाचा: ठीक. पन बाटलीतलं ॲसिड तं पक्कं हाय ना? ते रोज टाकत रायलो तं हे चौदा डिग्री कधी तरी संपनच.

आत्या: संपेल. आणि संपेपर्यंत तुझं पेन तुला काही सांगणार नाही, रोज सकाळी सात-आठच्या आसपासच दाखवत राहील. ज्या दिवशी शेवटची डिग्री जाईल त्या दिवशी तेवढ्याच ॲसिडनं सामू पाचाच्या खाली उतरेल, आणि तोही काही मिनिटांत. तुझी टाकी कोसळायला अर्धी आली आहे की पाव, हे थेंबांच्या बाटलीनंच कळतं.

इथे भाच्याच्या बाजूनं थोडं बोलायला हवं. आकड्याची भीती त्याला उगाच वाटत नाही. सामूची मोजपट्टी १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी मांडली, आणि तिच्यावरचा एक अंक म्हणजे दहापट फरक. झिंग्यांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. पंचवीस अंश तापमानाला सामू ७ असेल तर त्यातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भागच विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो. अमोनिया तेवढाच, विष दहापट. ज्यानं सकाळी पालथे पडलेले झिंगे पाहिले आहेत तो पेन हातातून सोडणार नाही, आणि त्यानं सोडूही नये. पेन काय सांगतं आणि काय सांगत नाही, एवढंच आत्या समजावते आहे.

भाचा: म्हनजे तुहं म्हननं, पानी जसं हाय तसंच ठेवावं.

आत्या: चेरी ठेवायचे असतील तर बरंचसं तसंच. चेरीला सामू ७ ते ८ चालतो. त्याला लागतं ते पाणी दर आठवड्याला सारखं असणं. झिंगा कात टाकतो तेव्हा अंगाचं कवच नव्यानं बांधतो, त्याला पाण्यातला कॅल्शियम लागतो. तू एका दिवसात पाण्यातले क्षार इकडचे तिकडे केलेस की तो वेळ नसताना कात टाकतो आणि त्यातच अडकून मरतो. मानेच्या मागे पांढरं कडं दिसतं तुला?

भाचा: दिसते. दोघा-तिघाईले झालं तसं.

आत्या: तेच. उलट झाडांमुळे सामू दिवसा चढतो, रात्री उतरतो, त्यानं त्यांना फारसं काही होत नाही. झाडं दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात, रात्री सगळेच सोडतात. त्यात क्षार बदलत नाहीत. म्हणून सामू मोजायचाच असेल तर रोज एकाच वेळेला मोज. सकाळचा ७.६ आणि संध्याकाळचा ८.१ समोरासमोर मांडून घाबरू नकोस.

भाचा: अन् बोअरचं पानी? ताजं काढलं तं ७.२, अन् सकाळी पाह्यलं तं ८.२. म्या समजलो पेन खराब झालं.

आत्या: पेन बरोबर आहे. जमिनीखाली पाण्यात गॅस दाबून भरलेला असतो, वर आल्यावर तो उडतो. बादलीत हवेचा दगड टाकून एक दिवस ठेव, मग मोज. तो खरा सामू. ताजं उपसलेलं पाणी ७.२ आहे म्हणून थेट टाकीत ओतलंस तर रात्रीतून ते टाकीतच चढेल.

भाचा: हे पटलं. पन आता माह्यं ऐक. तू म्हनते, गावचं पानी एकसारखं. नाई राहत आत्या. चैत-वैशाखात विहीर तळाले जाते, तवा हे चौदा. गेल्या श्रावनात याच बाटल्यायनं म्या सहज पाह्यलं व्हतं, आठ थेंब. पावसाचं पानी उतरते ना विहिरीत. मंग झिंग्यानं कोनाच्या भरोशावर राहायचं? विहिरीच्या?

आत्या: …हे मी धरलं नव्हतं.

भाचा: म्हनून म्हनतो, आकडा हातात पायजे.

आत्या इथे गप्प होते ते योग्य आहे. ‘आपलं पाणी, आपला प्राणी’ हे ऐकायला गोड वाटतं. दख्खनच्या खडकातल्या विहिरीला ते लागू पडत नाही, कारण तिथला साठा उथळ असतो आणि पावसाबरोबर त्याची चव, क्षार, सगळं बदलतं. जून ते सप्टेंबरची विहीर आणि मेची विहीर टाकीतल्या झिंग्यासाठी दोन वेगळ्या नद्या आहेत.

आत्या: मग असं कर. मोठा ड्रम घे, झाकणाचा. त्यात विहिरीचं आणि आरओचं पाणी मिसळ आणि केएच चारवर आण. आत्ता विहीर चौदा आहे, तर दहा बादल्यांत तीन विहिरीच्या आणि सात आरओच्या. श्रावणात आठ निघाली तर निम्मं-निम्मं. म्हणजे आकडा सामूचा धरायचा नाही, केएचचा धरायचा. सामू त्याच्या मागे येतो. आणि आरओच्या जारचं पाणीही मोज, प्रत्येक वेळी. जारवाला कधी फिल्टर बदलतो, कधी थोडं साधं पाणी मिसळतो, आपल्याला कळत नाही.

भाचा: अन् पावसाचं पानी धरलं तं?

आत्या: धर की, त्याच्याइतकं मऊ पाणी नाही. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ दे. आणि पत्र्यावरचं धर. नव्या स्लॅबवरून आलेल्या पाण्यात सिमेंटचा चुना उतरतो. फवारणीचा डबा मात्र त्याला लावू नकोस, कितीही धुतलेला असला तरी. मोरचूद किंवा कुठलंही तांब्याचं औषध झिंग्याला फार थोडंसं पुरतं, आणि मऊ पाण्यात तर आणखी थोडं.

भाचा: बरं, चार केलं. मंग ते चारवर राहीनच कशावरून?

आत्या: राहणार नाही. अमोनियाचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया अल्कलिनिटी खातात. एक मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सात मिलीग्रॅमहून जास्त. हिशेब करून पाहिलास तर टाकीत नायट्रेट साधारण अकरा मिलीग्रॅमनं वाढेपर्यंत तुझी एक डिग्री गेलेली असते. झाडांनी नायट्रेट उचललं तर त्यातलं काही परत मिळतं. म्हणून दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, दहा-पंधरा टक्के. आणि फिल्टरमध्ये शिंपल्यांची भरड पिशवीत बांधून ठेव, किंवा पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस. पाणी आंबट व्हायला लागलं की ते विरघळतं, सामू वर असला की तसंच पडून राहतं.

भाचा: अन् खायचा सोडा? पापडखार?

आत्या: सोडा चालेल, मोजून. पन्नास लिटरला दीड ग्रॅम म्हणजे एक डिग्री, आणि तो पाण्यात विरघळवून दिवसभरात थोडा थोडा. पण त्यानं कॅल्शियम मिळत नाही, नुसतं सोडियम. पापडखार नको, त्यात धुण्याच्या सोड्याचा अंश असतो, तो सामू दहाच्या दिशेनं नेतो. आणि पानाचा चुना तर मुळीच नको. त्याचं निवळ पाणीसुद्धा सामू बारावर नेतं.

भाचा: शेततळ्यात तं चुना टाकतेत लोक.

आत्या: शेततळ्यात लाखो लिटर पाणी असतं आणि खाली माती असते. तुझ्याकडे पन्नास लिटर आणि काच.

पापडखाराचा विषय निघाला की बुलढाणा जिल्ह्यात लोणार आठवायलाच हवं. उल्केच्या आघातानं बेसाल्टमध्ये तयार झालेलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि त्याच्या तळाशी खारं तळं आहे. काठावर गोमुखाजवळची धार गोड पाण्याची. झरे आणि पाऊस आत येतात, बाहेर जायला वाट नाही. पाणी फक्त उडतं. खडकातून आलेला कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसतो, सोडियम आणि कार्बोनेट पाण्यात साठत जातात. हजारो वर्षं असं चालल्यावर सामू दहाच्या घरात पोचला. इथल्या क्षारांना जुन्या काळी ‘डल्ला’, ‘पपडी’, ‘भुस्की’ अशी नावं होती आणि त्यांचा व्यापार चाले. अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’तही लोणारच्या परिसरात काच आणि साबण करण्याचं साहित्य मिळतं अशी नोंद आहे. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं त्यामागे क्षारप्रिय हॅलोआर्किया असल्याचं सांगितलं. त्याच वर्षी लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

हे सगळं इथे आणलं कारण लोणारचा सामू सहज ढळत नाही. त्यात कार्बोनेट इतकं आहे की पावसाळ्याची भर पडूनही तो अंक फारसा हलत नाही. स्थिर पाणी म्हणजे चांगलं पाणी, असं ज्याला वाटतं त्यानं त्या काठावर उभं राहावं. आत्याचं म्हणणंही इथेच अपुरं पडतं: स्थिरता हवी, पण कोणत्या जागी, हे ठरवावंच लागतं.

भाचा: मंग माही टाकी लोनार होऊन रायली का?

आत्या: उन्हाळ्यात होते. पाण्यावर पंखा लावला आहेस ना?

भाचा: लावला. दोन-तीन अंश उतरते त्यानं.

आत्या: आणि पाणी किती उडतं?

भाचा: लिटरभर रोज. म्या विहिरीचं टाकून भरतो.

आत्या: उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागे राहतात. तू चौदा डिग्रीचं भरतोस. महिन्यात तीस लिटर. पन्नास लिटरच्या टाकीत त्यानं कागदावर आठ डिग्री वाढतात, चौदाच्या बावीस. प्रत्यक्षात थोडा चुना काचेवर बसतो, ती पांढरी रेघ पाहा. म्हणजे कॅल्शियम काचेवर गेला आणि सोडियम पाण्यात राहिला.

भाचा: लोनारच झालं ना मंग हे!

आत्या: उडालेलं पाणी भरायचं ते आरओचं किंवा पावसाचं. विहिरीचं मिश्रण फक्त पाणी बदलताना. हे दोन वेगळे भाग आहेत, एवढं पाळलंस तरी तुझे निम्मे झिंगे वाचतील.

भाचा: आता क्रिस्टलचं सांग. चेरीले कोनी भाव देत नाई आत्या, सगळ्याईकडे हाय. क्रिस्टलले गिऱ्हाईक हाय. अन् त्याले सामू ६ ते ६.५ लागते. तवा तं आकडा लागनच ना?

आत्या: क्रिस्टल नको म्हणते मी. त्याला बावीस-तेवीस अंश लागतात. वैशाखात तुझी ही खोली किती तापते? लोडशेडिंगमध्ये हवेचा पंप बंद पडला की रात्री गॅस साठतो, ऑक्सिजन उतरतो. असल्या जागी डोंगरातल्या ओढ्याचा प्राणी आणायचा कशाला? सामू ८ च्या पाण्यातले आणि उबदार पाण्यातले झिंगेसुद्धा जगात आहेत. इंडोनेशियात सुलावेसी बेटावर मातानो तळं आहे, मूळचे तिथले लाल, पांढऱ्या ठिपक्यांचे आण.

भाचा: ते आपल्याले मिळतीन तवा आनीन. पन क्रिस्टलसाठी म्या इचार केला हाय. निव्वळ आरओ, त्यात झिंग्यायसाठीचं मिनरल, ज्याच्यात केएच नाई नुसतं जीएच, म्हनजे कॅल्शियम-मॅग्नेशियम. अन् खाली ती काळी भाजलेली माती, जी सामू धरून ठेवते. बॅटरीवरचा पंप. ॲसिडचा एक थेंबही नाई.

आत्या: माती विहिरीच्या पाण्यात घातलीस तर काही आठवड्यांत थकेल. बायकार्बोनेट शोषून शोषून तिचा जीव संपतो.

भाचा: म्हनून तं निव्वळ आरओ. अन् आता मले सांग: त्या टाकीत केएच शून्य. तुही थेंबाची बाटली पहिल्याच थेंबाले पिवळी. मंग माती थकली हे कळन कसं?

आत्या: …सामूवरून. सामू हळूहळू वर सरकायला लागेल.

भाचा: म्हनजे पेनावरून.

आत्या: पेनावरून. कबूल. त्या टाकीत पेनाला पर्याय नाही. पण पेन दर पंधरा दिवसांनी ४ आणि ७ च्या बफरमध्ये बुडवून जुळवून घे, सुकू देऊ नकोस. आणि आरओसारख्या पाण्यात ते स्थिर व्हायला वेळ घेतं. दोन मिनिटं थांबून वाच.

भाचा: तू मानली हेच लय झालं.

आत्या: पेन मानलं. क्रिस्टल अजून नाही मानले. खोली तापते ते तापतेच.

माझा कल आत्याकडे आहे, पण क्रिस्टलच्या बाबतीत नाही. भाच्यानं ॲसिड सोडून पाणी मुळापासून बांधायचं ठरवलं आहे, आणि तिथे पेन लागणारच. ज्यानं हे ठरवलं त्याला उंद्रीत क्रिस्टल झिंगे पाळण्यापासून उन्हाळ्याशिवाय अडवणारं मला काही दिसत नाही. अडचण आहे ती दोन्हींच्या मधल्या वाटेत: विहिरीचं जड पाणी घ्यायचं आणि बाटलीनं रोज ते मऊ दाखवायचं. आपल्या भागातल्या हौशी माणसांचे झिंगे बहुधा याच वाटेवर मरतात.

भाचा: बरं, आता ज्या टाकीत चेरी हायेत, चौदा डिग्रीवाल्या, तिले चारवर आनू का उद्यापासून?

आत्या: त्यात अंडी धरलेल्या माद्या आहेत ना?

भाचा: चार-पाच हायेत.

आत्या: मग त्यांची पिल्लं बाहेर पडू दे. तीन-चार आठवडे लागतात. तोवर फक्त उडालेलं पाणी आरओनं भर. त्यानंतर आठवड्याला दहा टक्के, ड्रममधल्या मिश्रणानं. चारवर यायला कित्येक महिने लागले तरी लागू दे. दुसऱ्या टाकीत हलवायचे असतील तर बारीक नळीतून थेंब थेंब पाणी सोडून, दोन-तीन तास.

भाचा: अन् क्रिस्टल म्या आननारच. दिवाळीनंतर.

आत्या: दिवाळीनंतर आण, तेव्हा खोली थंड असते. माती मात्र त्याआधी महिनाभर भिजत ठेव. नवी माती सुरुवातीला अमोनिया सोडते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत एकही झिंगा आत टाकू नकोस.

भाचा: अन् वैशाखात?

आत्या: वैशाखात मला फोन कर. तेव्हाही नकोच म्हणेन मी.